वळणावरचा लाल झेंडा

मित्रांनो, मी एक जुना लाल झेंडा आहे. आता तुम्ही लगेच विचाराल, कोणत्या पक्षाचा? कोणत्या युनियनचा? सगळे हेच विचारतात. परळ-लालबागेत काठीला लाल कापड दिसले की माणसे पुढचे ऐकूनच घेत नाहीत. पण मला शिवले ते घोषणांसाठी नाही. मला शिवले एका शर्यतीसाठी, आणि तीही मुलींच्या. ती हकिकत आजवर कुणी कुणाला सांगितलेली नाही. सांगू शकेल अशी एकच बाई आहे आणि ती सांगणार नाही, हे मला पक्के ठाऊक आहे. तेव्हा मीच सांगतो. झेंड्याला तोंड नसते म्हणतात. नसू दे.

लालबागच्या चिंतामणी शिंप्याच्या दुकानात माझा जन्म झाला. दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे होते. आज कामगार मैदानावर सभा, उद्या शिवाजी पार्कवर सभा, परवा मोर्चा. चिंतामणीला परकर-पोलकी शिवायला फुरसत नव्हती. त्याच्या मशीनवरून नुसते झेंडे उतरत होते. अशा धामधुमीत एक दिवस कालिंदीबाई दुकानाची पायरी चढल्या. दादरच्या एका मुलींच्या शाळेत त्या खेळ आणि कवायत शिकवत.

"चिंतामणी, झेंडे हवेत. थोडे लाल, थोडे पांढरे."

"बाई, तुम्ही पण मोर्च्यात?" चिंतामणीने टेप गळ्यात अडकवत विचारले.

"मोर्च्यात कसली! आमची शर्यत आहे."

त्या हिवाळ्यात मुंबईत चार देशांच्या मुलींची क्रॉस-कंट्री शर्यत व्हायची होती. सिलोन, ब्रह्मदेश, मलाया आणि आपला देश. क्रॉस-कंट्री म्हणजे मैदानात घाण्याच्या बैलासारखे गोल फिरणे नव्हे. टेकडी, माळ, चिखल, बोळ, समोर येईल त्यातून पळायचे. वाटेला दोरी नाही, चुन्याची रेघ नाही. वळणावर नुसता झेंडा रोवायचा. लाल दिसला की डावीकडे, पांढरा दिसला की उजवीकडे. झेंडा नसेल तर नाकासमोर पळत राहायचे.

चिंतामणीने मला मोर्च्याच्याच ताग्यातून कापले. त्याच मापाचे, त्याच रंगाचे. माझी भावंडे गठ्ठ्याने उचलली गेली, हजारो माणसांच्या डोक्यांवर फडफडायला गेली. ती दुकानातून निघाली तेव्हा रस्त्यावर ढोल वाजत होता. मला मात्र कालिंदीबाईंनी वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत घातले. तेव्हाच मला वाटले, आपले काही खरे नाही. गर्दीच्या घरात जन्मलो आणि एकट्याचे नशीब घेऊन निघालो.

झेंड्यांवर आकडे घालायचे काम बाईंनी चंपाला दिले. आता चंपा कोण ते सांगायला हवे.

चंपा परळच्या चाळीत राहणारी, एकोणीस-वीस वर्षांची पोरगी. गिरणीच्या वाइंडिंग खात्यात, म्हणजे सूत गुंडाळायच्या खात्यात, बदलीवर काम करायची. कालिंदीबाईंना ती सापडली शिवाजी पार्कवरच्या एका सभेत. पोलीस आल्याची आवई उठली आणि एकच पळापळ झाली. अशा वेळी सगळेच पळतात, त्यात नवल नाही. पण ही पोरगी सगळ्यांच्या पुढे निघून गेली, आणि पळताना हातातल्या आत्याच्या चपला तिने सोडल्या नाहीत. कठड्यावर बसलेल्या बाईंनी ते पाहिले. दुसऱ्या दिवशी पत्ता काढत त्या चाळीत हजर.

शर्यतीच्या कमिटीला चंपा नको होती. चिटणीस रघुवीरराव म्हणाले, "कालिंदीताई, पळता येणं वेगळं आणि नियम कळणं वेगळं. गिरणीतली पोर ही. चार देशांसमोर आपली शोभा करील." त्यांच्या मनात आणखीही काही होते. ते त्यांनी तोंडाने म्हटले नाही. चंपाने पाणी मागितले तेव्हा पेला तिच्या हातात न देता टेबलाच्या कडेला ठेवला, एवढेच. कालिंदीबाईंनी तो पेला उचलून तिच्या हातात दिला आणि कमिटीशी भांडून तिचे नाव घालून घेतले.

आपल्या मुलींपैकी ज्या पहिल्या तिघी येतील, त्या पुढच्या शर्यतीला कोलंबोला जाणार होत्या. चंपाला ते हवे होते. मनापासून हवे होते. माझ्या कडेला निळ्या दोऱ्याने सातचा आकडा भरता भरता ती बाईंना म्हणाली होती, "बाई, एवढ्या जवळ राहतो आम्ही, पण समुद्र म्हणून बघाल तर गोदीची भिंत. मला एकदा बोटीत बसून समुद्र बघायचाय."

"बसशील. पण शनिवारी सगळ्यांना वाट दाखवायला नेणार आहेत. येशील ना?"

"शनिवारी कामाय बाई. बदलीवाल्यानं दांडी मारली की दुसरीला उभी करतात. मग गेलीच जागा."

"मग वाट कशी कळणार तुला?"

"झेंडे आहेत की! माझ्याच हातचे तर आहेत." असे म्हणून तिने दोरा दाताने तोडला आणि मला मांडीवर सरळ केले. त्या वेळी मला फार बरे वाटले. कुणीतरी आपल्या भरवशावर राहणार आहे, ही गोष्टच मोठी असते.

शर्यतीचा रविवार उजाडला. माझगावच्या एका मैदानातून निघायचे, टेकडी चढून उतरायची, रे रोडच्या लाकडाच्या वखारींमागून खाडीच्या कडेला जायचे आणि फिरून मैदानात यायचे, अशी वाट होती. मला रोवले वखारींच्या मागे. तिथे पायवाटेला दोन फाटे फुटत होते. सरळ जाणारा फाटा भिंतीच्या कडेने एका बंद फाटकाशी संपायचा. डावीकडचा खाडीकडे उतरायचा. बाकीच्या वळणांवर एकेक स्वयंसेवक उभा केला होता. इथे माणूस कमी पडला.

"असू दे," रघुवीरराव म्हणाले, "या आडबाजूला कोण येतंय? झेंडा पुरे."

कालिंदीबाई घुटमळल्या. मग माझी काठी त्यांनी दोन्ही हातांनी हलवून बघितली, घट्ट आहे याची खात्री केली आणि गेल्या.

मग मी एकटा. वखारी बंद होत्या. ओल्या सागाचा वास येत होता. एक कुत्रे आले, माझ्याकडे बघून पाय वर करायच्या विचारात होते, पण त्याचा विचार बदलला. तेवढीच सोबत. लांबून कुठूनतरी घोषणा ऐकू येत होत्या. दुपारच्या मोर्च्याची जमवाजमव चालली असावी. माझी भावंडे तिकडे डोलत असतील, असे मनात आले आणि खोटे कशाला बोलू, मला रडू आल्यासारखे झाले. मी स्वतःला समजावले, चंपा येईल. तिला डावीकडे वळवले की आपले काम झाले.

आणि तेवढ्यात सुंदराबाई आली.

सुंदराबाई म्हणजे चंपाची सख्खी आत्या. तीही गिरणीतली, चाळीत शेजारच्याच खोलीत राहणारी. चंपाचा बाप रामजी निळ्या झेंड्याचा आणि ही त्याची बहीण लाल बावट्याची, त्यामुळे भावाबहिणीची रोज जुंपायची आणि जेवायला दोघे एकाच ताटाभोवती बसायचे. रविवारी सुट्टीच्या दिवशी ती पोते घेऊन वखारींकडे येई आणि चुलीसाठी लाकडाचे ढलपे वेचून नेई. चंपाची आज शर्यत आहे हे तिला माहीत होते. पण शर्यत म्हणजे मैदानात, अशी तिचीही समजूत होती. ती या आडवाटेने येते, हे तिच्या गावी नव्हते.

ती मला बघून जागीच थांबली.

"अगं बाई! हा कुणी टाकला?"

तिने इकडे बघितले, तिकडे बघितले. कुणीच नाही. मित्रांनो, तुम्हाला वाटेल, एवढे काय त्या कापडाचे? पण गिरणगावात एक रीत होती. बावटा खाली टाकायचा नाही, आणि कुणाचा पडलेला, बेवारस दिसला तर तो तिथे सोडून पुढे जायचे नाही. त्यातून सुंदराबाईचा नवरा कोंडीराम. मोर्च्यात बावटा त्याच्या हातात असायचा. एका मोर्च्यात लाठ्या चालल्या, कोंडीराम डोक्यावर घाव बसून पडला आणि पुन्हा उठला नाही. त्याच्या हातातला बावटा पायदळी गेला. सुंदराबाई दुसऱ्या दिवशी त्या रस्त्यावर जाऊन गटारापर्यंत शोधून आली. तिला चिंधीही मिळाली नव्हती.

ती माझ्यासमोर गुडघ्यावर बसली. माझ्या टोकाला चिखल उडाला होता, तो तिने पदराने पुसला. "चल रे बाबा," ती म्हणाली, "असा एकटा नको उभा राहूस इथं." आणि तिने मला उपटले.

मला ओरडायचे होते. नको ग बाई, मी टाकलेला नाही, मला इथेच काम आहे. पण त्याच वेळी तिने मला उराशी धरले होते, आणि माझ्या उभ्या आयुष्यात मला कुणी तसे धरले नव्हते. कापड झालो म्हणून काय झाले, तेवढे कळतेच. तिने मला काठीला गुंडाळले आणि पोत्यात ढलप्यांच्या मधोमध खोवले.

पोते डोक्यावर घेऊन ती जेमतेम वळली, तोच पावले ऐकू आली. एकटीची पावले. बाकीच्या मुली अजून टेकडीच्या उतारावर होत्या आणि चंपा सगळ्यांच्या पुढे होती.

"अगं चंपे! चंपेच की ग तू!" सुंदराबाईला आनंद मावेना. "पळ ग माझे बाय, पळ!"

चंपाने तिला पाहिले आणि ती धापा टाकत हसली. मग तिने वाटेकडे पाहिले. लाल नाही, पांढरा नाही. म्हणजे नाकासमोर. ती सरळ गेली. तिची पावले भिंतीच्या कडेने लांब लांब जात राहिली आणि मी पोत्यातून ऐकत राहिलो. सुंदराबाई पाठमोऱ्या भाचीवरून बोटे मोडत होती, दृष्ट लागू नये म्हणून.

पुढचे मला नंतर बोलण्यातून कळले. चंपा बंद फाटकाशी पोचली, परत फिरली, वखारींच्या बोळात भरकटली. मागच्या मुलींना आदल्या दिवशी वाट दाखवून आणली होती. त्या झेंड्याकडे न बघताच डावीकडे वळल्या. चंपा मैदानात आली तेव्हा पहिल्या मुलीच्या गळ्यात हार पडला होता आणि फोटोवालाही आपले सामान आवरत होता.

"झेंडा नव्हता तिथं," ती एवढेच म्हणत होती.

"बाकीच्यांना बरा दिसला!" रघुवीरराव म्हणाले. "मी काय म्हटलं होतं, कालिंदीताई?"

कालिंदीबाई तशाच वखारींकडे धावल्या. तिथे नुसते भोक होते. रघुवीररावांचे त्यावरही उत्तर तयार. शर्यतीनंतर कुणीतरी उचलला असेल. या दिवसांत लाल कापड रस्त्यावर टिकते का? तरी बाई हटल्या नाहीत. नावे पक्की करायला कमिटी पुढच्या रविवारी बसणार होती. झेंडा शर्यतीआधीच गेला होता असे सिद्ध झाले, तर चंपाला कोलंबोला न्यावेच लागेल, असे त्यांनी ठणकावून सांगितले.

इकडे सुंदराबाईने मला साबण लावून धुतले आणि चाळीच्या गॅलरीत दोरीवर वाळत घातले. संध्याकाळी चंपा पाय ओढत जिना चढून आली. आईला तिने "वाट चुकले" एवढेच सांगितले आणि गॅलरीत येऊन बसली. तिच्या डोक्यावरच मी टपकत होतो. एक थेंब तिच्या मानेवर पडला. तिने वर पाहिले.

निळ्या दोऱ्यातला सात तिचाच होता. आपल्या हातचा टाका कुणाला ओळखू येत नाही?

ती उभी राहिली. माझी कडा तिने बोटांत घट्ट धरली. तेवढ्यात सुंदराबाई बाहेर आली.

"बघितलास? आज वखारीपाशी मिळाला. कुणी मेल्यानं टाकून दिला होता गटाराच्या कडंला. मी म्हटलं, ह्यांचा गेला तो गेला, हा तरी घरी नेते." तिने पदर डोळ्यांना लावला आणि मग एकदम हसली. "कोपऱ्यात काहीतरी निळं भरलंय बघ कुणी. तुझ्या बापानं बघितलं तर म्हणंल, लाल्यांच्यात निळा घुसला!"

 चंपाचे ओठ हलले, मला दिसले. एक शब्द बोलली असती तर पुढच्या रविवारी तिचे नाव लागले असते. पण मग कमिटीसमोर आत्याला उभी करावी लागली असती. आणि कमिटी राहू द्या. त्या बाईने जो बावटा नवऱ्याच्या जागी उराशी धरला, त्यानेच तिच्या भाचीची शर्यत बुडवली, हे तिला कुणी सांगायचे?

"चांगलाय, आत्या," ती म्हणाली.

थोड्या वेळाने आत्या चुलीपाशी गेल्यावर तिने सुई आणली आणि सातचा एकेक टाका उसवला. माझ्यावर तिच्या हाताची तेवढीच खूण होती. ती तिनेच काढली. दोऱ्याचे तुकडे तिने मुठीत गोळा केले आणि गॅलरीतून खाली सोडून दिले.

आठवडा सरत आला तेव्हा कालिंदीबाई चाळीत आल्या. चंपा सुंदराबाईच्या खोलीत होती म्हणून बाईही तिथेच बसल्या, अगदी माझ्याखाली. मी भिंतीवर खिळ्याला टांगलेला. त्यांची नजर माझ्यावरून फिरली आणि पुढे गेली. परळात लाल बावट्याचे कुणाला नवल!

"चंपा," त्या म्हणाल्या, "मला तुझ्या तोंडून एकदा ऐकायचंय. उद्या कमिटी आहे. त्या वळणावर झेंडा नव्हता ना? तू नुसतं हो म्हण. पुढचं मी बघते."

सुंदराबाई चहा गाळत होती. तिचा हात थांबला. "कसला झेंडा? कुठल्या वळणावर?"

 सुंदराबाईने चंपाकडे पाहिले, आणि तिची मान हळूहळू भिंतीकडे वळू लागली. माझ्याकडे. मला वाटले, आता कळते. आता सगळे उघड होते. आणि मला तेच हवे होते, मित्रांनो. चंपाचे नाव लागावे, मग माझे काय व्हायचे ते होवो.

"होता की झेंडा," चंपा घाईघाईने म्हणाली. "पांढरा होता. मीच बघितला नाही नीट. माझंच चुकलं, बाई."

"पांढरा!" सुंदराबाई हुश्श करून पुन्हा चहाकडे वळली.

पण कालिंदीबाईंनी स्वतःच्या हाताने मला तिथे रोवले होते. त्यांना ठाऊक होते तिथे कोणता रंग होता. त्या चंपाकडे बघत राहिल्या. ज्या मुलीसाठी सगळ्यांशी भांडण घेतले, तिला लाल-पांढऱ्यातला फरकही कळला नाही, आणि वर ती तोंडावर खोटे बोलली, असेच त्यांना वाटले असणार. त्यांनी तिला आत्यासमोर उघडे पाडले नाही. कप अर्धा राहिला होता, तो खाली ठेवला. "बरं," एवढे म्हणून त्या उठल्या. जिन्यावरून त्यांच्या चपलांचा आवाज खालपर्यंत ऐकू आला. त्या पुन्हा कधी चाळीत आल्या नाहीत.

"डोळे उघडे ठेवून पळावं माणसानं," सुंदराबाई लाडाने रागावली. "एवढं पुढं होतीस. मी बघितलं ना माझ्या डोळ्यांनी!"

"हो ग आत्या," चंपा म्हणाली आणि बाईंचा कप विसळायला घेऊन गेली. मोरीत ती बराच वेळ पाणी सोडून उभी होती.

कोलंबोला तिघी गेल्या. चंपा वाइंडिंग खात्यात गेली, पुढे कायम झाली. बाईंनी लावून दिलेले पहाटेचे पार्कवरचे पळणे तिने बंद केले. कुणी विचारले तर म्हणायची, वेळ कुठाय?

मी मात्र गर्दीत गेलो. ज्या गर्दीसाठी मी झुरत होतो, ती मला पोटभर मिळाली. एकही मोर्चा सुंदराबाईने चुकवला नाही. महाराष्ट्र झाला त्या मे महिन्यात तिने मला उंच धरले, लोक गुलाल उधळत होते, म्हातारी माणसे रडत होती, माझी भावंडे चहूबाजूंनी फडफडत होती. चंपा आत्याला धक्का लागू नये म्हणून पुढे होऊन वाट काढत चालली होती. सगळ्यांना आनंद झाला होता. मलाही व्हायला हवा होता. पण वखारीमागच्या त्या वळणावर मला जेवढे एकटे वाटले नव्हते, तेवढे त्या लाखांत वाटले. माझ्याबद्दलचे खरे जाणणारी एकच मुलगी तिथे होती आणि ती मान वर करून माझ्याकडे बघत नव्हती.

आता मी विटलो आहे. लाल म्हणायचे म्हणून लाल, खरे तर विटकरी. एका कडेला उंदराने चावा घेतला आहे. सुंदराबाई गेली. तिची खोली चंपाकडे आली आणि खोलीबरोबर मीही. दर दिवाळीआधी ती मला खाली घेते, झटकते, कडेवरून एकदा बोट फिरवते आणि परत टांगते.

मित्रांनो, माझे एक ऐका. माझी धूळ झटका, मला जपा, असे मी म्हणत नाही. जपणाऱ्यांनी मला पुष्कळ जपले. मागतो ते वेगळेच. वाटेत एखादी वस्तू, एखादा प्राणी, एखादे माणूस एकटे उभे दिसले, तर ते कुणी टाकून दिलेले आहे असे लगेच धरून चालू नका. थोडे थांबा. ते कुणाची वाट बघत असेल, कुणीतरी त्याच्या भरवशावर मागून येत असेल. मायासुद्धा विचारून करावी.

कधी चाळीतले एखादे पोर खोलीत येते आणि माझ्याकडे बोट दाखवून विचारते, "मावशी, हा झेंडा कुणाचा?"

"आत्याचा," चंपा म्हणते. आता खरे सांगितले तरी दुखावेल असे कुणी उरलेले नाही. तरी ती तेच सांगते, आणि पोर मान डोलावून निघून जाते.

मी तिचा होतो. तुम्ही तरी हे लक्षात ठेवा.